जर्मनीत नव्याने आलेल्या गेमरसाठी मार्गदर्शक: केबल घ्यावे की डीएसएल?

जर्मनीत शिकायला किंवा नोकरीला आलेल्या ज्या मराठी मंडळींना ऑनलाइन गेम खेळायची गोडी आहे, त्यांना भाड्याचे घर मिळाले की लगेच एक निर्णय घ्यावा लागतो, आणि तो घाईत घेतला तर पुढे बराच मनस्ताप होतो. पुण्या-ठाण्यातल्या सोसायट्यांत फायबरची तार जिन्यातून थेट घरात येते, महिन्याचे पैसे भरले की जोडणी चालू राहते आणि नको झाली की बंद करता येते. जर्मनीतल्या अनेक जुन्या इमारतींत मात्र फायबर अजून पोहोचलेले नाही. तिथे टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून येणारे डीएसएल किंवा टीव्हीच्या केबलवरून येणारे केबल इंटरनेट यांपैकी एक निवडावे लागते, आणि एकदा करार केला की तो बहुधा दोन वर्षे निभवावा लागतो.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. तुमच्या घरी १०० मेगाबिटचे डीएसएल खरोखर मिळत असेल, तर गेमच्या दृष्टीने ते १००० मेगाबिटच्या केबलपेक्षा अधिक भरवशाचे आहे. तुमच्या पत्त्यावर डीएसएल १६ मेगाबिटच्या पुढे जातच नसेल, तर केबल घ्यावे. या दोन टोकांच्या मध्ये तुमचे घर येत असेल, तर पुढच्या पायऱ्या क्रमाने वाचाव्यात. घरात फायबर आधीच आलेले असेल, तर केबल-डीएसएलच्या वादात न पडता तेच घ्यावे. विद्यार्थी वसतिगृहात राहणाऱ्यांना इंटरनेट बहुधा भाड्यातच मिळते, त्यामुळे त्यांच्यापुढे निवडीचा प्रश्न नसतो. त्यांनी फक्त आठवी पायरी वाचली तरी चालेल.

## पायरी १: गेमला नेमके काय लागते ते समजून घ्या

दुकानातला विक्रेता तुम्हाला मेगाबिट सांगतो, पण प्रत्यक्ष खेळताना गेमला फार थोडे मेगाबिट लागतात. बहुतेक बहुखेळाडू गेमचा चालू सामना १ मेगाबिटच्या आतच भागतो. खरा प्रश्न असतो तो तुमचा संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला किती वेळ लागतो याचा, म्हणजे पिंगचा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो वेळ दर क्षणी सारखा राहतो की वरखाली होतो, म्हणजे जिटर. तिसरी गोष्ट म्हणजे वाटेत किती संदेश हरवतात, म्हणजे पॅकेट लॉस. व्हॅलोरंटसारख्या गेमचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा खेळाची स्थिती मोजतो, म्हणजे साधारण दर ८ मिलिसेकंदांना एकदा. अशा गेममध्ये सतत २५ मिलिसेकंद पिंग असलेला खेळाडू सुखाने खेळतो, पण १२ वरून ७० वर आणि पुन्हा १२ वर उडी मारणाऱ्या जोडणीवर नेम लागत नाही.

मेगाबिट कामी येतात ते गेम उतरवून घेताना. १०० गिगाबाइटचा गेम ५० मेगाबिटच्या जोडणीवर साडेचार तासांच्या आसपास घेतो, १०० मेगाबिटवर सव्वादोन तास, २५० मेगाबिटवर तासाभराच्या आत, आणि १००० मेगाबिट खरोखर मिळाले तर पंधरा मिनिटांच्या आत काम होते. दर आठवड्याला नवा गेम उतरवणाऱ्याला हा फरक जाणवेल, पण तीनच गेम वर्षभर खेळणाऱ्याला रात्री डाउनलोड लावून झोपणे परवडते. क्लाउडवरचे गेम हा मात्र वेगळा प्रकार आहे. तिथे चित्रच इंटरनेटवरून येते, आणि जीफोर्स नाऊसारख्या सेवेला १०८० पिक्सेलच्या चित्रासाठी २५ मेगाबिट सतत मिळावे लागतात.

## पायरी २: दोन तारांमधला फरक ओळखा

डीएसएलमध्ये तुमच्या घरापासून रस्त्याच्या कडेला असलेल्या राखाडी पेटीपर्यंत तांब्याच्या तारांची एक जोडी फक्त तुमच्यासाठी असते. त्या पेटीपासून पुढे फायबर असते. तार तुमच्या एकट्याची असल्यामुळे रात्री नऊ वाजता सगळी इमारत चित्रपट पाहत बसली, तरी त्या टप्प्यावर तुमचा पिंग हलत नाही. मर्यादा आहे ती अंतराची. तार जितकी लांब, तितका वेग कमी. व्हेक्टरिंग नावाच्या तंत्राने शेजारच्या तारांचा एकमेकांवर होणारा गोंगाट रद्द केला जातो आणि पेटी जवळ असेल तर खाली येणारा वेग १०० व वर जाणारा ४० मेगाबिटपर्यंत मिळतो. २०१८ पासून उपलब्ध झालेल्या सुपरव्हेक्टरिंगमुळे हाच वेग २५० पर्यंत जातो, पण तो फायदा पेटीपासून काही शे मीटरांतच मिळतो. पेटी किलोमीटरभर दूर असेल, तर विक्रेत्याने काहीही सांगितले तरी भौतिकशास्त्र बदलत नाही.

जुन्या एडीएसएलचा, म्हणजे डीएसएलच्या आधीच्या पिढीचा, एक दोष इथेच सांगायला हवा. त्यात चुका दुरुस्त करण्यासाठी माहितीचे तुकडे फेटून पाठवण्याची पद्धत असे आणि त्यामुळे पिंगमध्ये बरीच भर पडे. डीएसएलवर पिंग जास्त असतो असे जे जुन्या गेमरच्या तोंडी ऐकू येते, त्याचे मूळ त्यात आहे. आजच्या व्हीडीएसएलमध्ये, म्हणजे डीएसएलच्या नव्या वेगवान प्रकारात, बिघडलेला तुकडाच पुन्हा पाठवला जातो, त्यामुळे चांगल्या तारेवर पहिल्या टप्प्याचा, म्हणजे घरापासून कंपनीच्या पहिल्या यंत्रापर्यंतचा, पिंग साधारण ५ ते १० मिलिसेकंद असतो.

केबलची गोष्ट निराळी आहे. टीव्हीसाठी टाकलेल्या जाड समाक्ष (कोॲक्शियल) तारेवर एका भागातली अनेक घरे एकत्र जोडलेली असतात आणि ती सगळी मिळून एकच क्षमता वाटून घेतात. खाली येणाऱ्या दिशेला क्षमता मोठी आहे, डॉक्सिस ३.१ या मानकामुळे १००० मेगाबिट देता येतात, त्यामुळे दिवसा वेग मोजला तर तो डोळे दिपवतो. अडचण वर जाणाऱ्या दिशेला आहे. युरोपातल्या जुन्या केबल जाळ्यांत वर जाणाऱ्या माहितीला साधारण ५ ते ६५ मेगाहर्ट्झ एवढीच अरुंद वाट ठेवलेली असते. त्या वाटेवर प्रत्येक मोडेमला आधी परवानगी मागावी लागते, मग ठरलेल्या क्षणी बोलावे लागते. घरे कमी असतील तर ही परवानगी झटकन मिळते, पण संध्याकाळी सगळे घरी आले की रांग लागते. तुमच्या गेमचा संदेश चिमूटभर असला तरी त्याला त्याच रांगेत उभे राहावे लागते, आणि जिटर तिथे जन्माला येतो.

त्यात आणखी एक भर पडते. त्या सामाईक तारेवर कोणा एका घरातली जोडणी सैल असली किंवा कोणी निकृष्ट तार लावलेली असली, तर तिथून शिरलेला गोंगाट सगळ्या घरांची वर जाणारी वाट बिघडवतो. तंत्रज्ञांना असा दोष शोधायला घरोघर फिरावे लागते आणि कधीकधी त्यात आठवडे जातात. डीएसएलमध्ये दोष बहुधा तुमच्या तारेत असतो, म्हणून तो लवकर सापडतो. माझ्या लेखी डीएसएलच्या बाजूने हे सर्वांत मोठे कारण आहे, आणि किमतीच्या तक्त्यात ते कुठेही लिहिलेले नसते.

केबलवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे की ज्या भागात कंपनीने जोडलेल्या घरांचे गट लहान केले आहेत, तिथे केबलचा पिंग दिवसरात्र १० ते १५ मिलिसेकंदांवर स्थिर राहतो आणि तिथे खेळणाऱ्याला तक्रारीला जागा नसते. प्रश्न एवढाच की तुमचा भाग तसा आहे का, आणि ते जाहिरातीवरून कळत नाही.

## पायरी ३: तुमच्या पत्त्यावर काय येते ते पाहा

बुंडेसनेट्झअगेंटूर या संघीय नियामक संस्थेच्या ब्रॉडबँड नकाशावर पत्ता टाकला की त्या ठिकाणी कोणते तंत्रज्ञान किती वेगापर्यंत उपलब्ध आहे ते दिसते. त्यानंतर कंपन्यांच्या संकेतस्थळांवर तोच पत्ता घालून खात्री करावी. डीएसएल डॉइच टेलिकॉम, ओटू, वन अँड वन आणि व्होडाफोन या सगळ्यांकडून मिळते, पण घरापर्यंतची तांब्याची तार बहुतेक वेळा टेलिकॉमचीच असते आणि बाकीचे ती भाड्याने घेतात. म्हणून तारेत दोष असेल तर कंपनी बदलून तो जात नाही. बदलतो तो तारेच्या पुढचा रस्ता, म्हणजे ती कंपनी गेमच्या सर्व्हरपर्यंत कोणत्या वाटेने जाते. केबल मात्र बहुतेक ठिकाणी व्होडाफोनकडे आहे, कारण तिने २०१३ मध्ये काबेल डॉइचलँड आणि २०१९ मध्ये युनिटीमीडिया विकत घेतली. काही शहरांत प्यूर ही दुसरी कंपनीही आढळते.

नकाशावरचा आकडा हा कमाल आकडा असतो, हे विसरू नका. डीएसएलच्या बाबतीत कंपनीने करारापूर्वी दिलेल्या माहितीपत्रकात किमान, सामान्यतः मिळणारा आणि कमाल असे तीन वेग लिहिलेले असतात. त्यांतला मधला आकडा तुमच्या उपयोगाचा आहे.

घर पाहायला जाल तेव्हा भिंतीवरची दोन खोकी पाहून ठेवा. तीन खाचांचे छोटे टेलिफोन सॉकेट म्हणजे टीएई. रेडिओ, टीव्ही आणि त्यांच्या जोडीला स्क्रूचे तिसरे तोंड असलेले सॉकेट म्हणजे केबल इंटरनेटला तयार असलेली जागा. तिसरे तोंड नसेल तर तंत्रज्ञाला सॉकेट बदलावे लागेल, आणि इमारतीतली तार जुनी असेल तर घरमालकाची परवानगीही लागेल. दोन्ही सॉकेटचे फोटो काढून ठेवले तर पुढे फोनवर बोलताना फार सोपे जाते.

एक सापळा: जाहिरातीत ग्लासफाजर, म्हणजे फायबर, हा शब्द दिसला म्हणून हुरळून जाऊ नका. फायबर रस्त्यावरच्या पेटीपर्यंत असेल आणि पुढे घरापर्यंत तांबे किंवा समाक्ष तार असेल, तरी हा शब्द ऐटीत वापरला जातो. फायबर घराच्या आत येते का, एवढा एकच प्रश्न विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे.

## पायरी ४: संध्याकाळचा पिंग शेजाऱ्याकडून मिळवा

ही पायरी कोणी करत नाही, आणि सगळ्यांत जास्त माहिती हिच्यातूनच मिळते. केबल घ्यायचा विचार असेल तर त्याच इमारतीतल्या, निदान त्याच गल्लीतल्या कोणाकडे केबल इंटरनेट आहे ते शोधावे. जिन्यात भेटल्यावर नम्रपणे विचारले तर बहुतेक जण सांगतात. त्यांची तार तुमच्याच गटातली असण्याची शक्यता मोठी असते, त्यामुळे त्यांचा अनुभव हाच तुमचा अनुभव ठरतो. शक्य असेल तर त्यांना संध्याकाळी आठ ते अकराच्या दरम्यान, संगणक तारेने राउटरला जोडून, कमांड विंडोत पिंगची आज्ञा दहा मिनिटे चालू ठेवायला सांगा. शेवटी येणारी सरासरी पाहू नका. सर्वांत मोठा आकडा किती आहे आणि किती संदेश हरवले ते पाहा. सरासरी १८ आणि कमाल ३० असेल तर केबल बिनधास्त घ्या. सरासरी २० पण मधूनमधून १५० दिसत असेल, तर १००० मेगाबिटच्या मोहात पडू नका.

डीएसएलबद्दल शेजाऱ्याला एवढेच विचारावे की त्याच्या राउटरवर प्रत्यक्ष किती वेग जुळतो. त्याची तार वेगळी असली तरी लांबी जवळपास तुमच्याइतकीच असते.

## पायरी ५: आयपी पत्त्याचा प्रश्न आधीच विचारा

नव्या केबल ग्राहकांना अनेकदा स्वतःचा आयपीव्ही४ पत्ता, म्हणजे इंटरनेटवर घराची ओळख पटवणारा जुन्या पद्धतीचा क्रमांक, मिळत नाही. डीएस-लाइट नावाच्या व्यवस्थेत अनेक ग्राहक एकच सार्वजनिक पत्ता वाटून घेतात. साधा गेम त्यातूनही चालतो, पण मित्रांसाठी स्वतःच्या घरी माइनक्राफ्टचा सर्व्हर चालवायचा असेल, किंवा खेळाडूंना थेट एकमेकांशी जोडणारा गेम असेल, तर बाहेरून तुमच्या घरापर्यंत कोणी पोहोचू शकत नाही. प्लेस्टेशनवर नॅट प्रकार ३ आणि एक्सबॉक्सवर स्ट्रिक्ट, म्हणजे सर्वांत बंदिस्त जोडणी, असे दिसते, मित्रांचा आवाज ऐकू येत नाही, आणि राउटरमध्ये पोर्ट उघडूनही काही फरक पडत नाही. टेलिकॉमच्या डीएसएलवर सहसा आयपीव्ही४ आणि त्याची नवी आवृत्ती आयपीव्ही६ असे दोन्ही पत्ते तुमचे स्वतःचे असतात, यालाच ड्युअल स्टॅक म्हणतात.

म्हणून सही करण्याआधी ग्राहकसेवेला लेखी विचारा की या योजनेत ड्युअल स्टॅक आहे की डीएस-लाइट, आणि डीएस-लाइट असेल तर विनंतीवरून बदलून मिळेल का. तोंडी होकाराला किंमत नाही.

काही डीएसएल कंपन्या अजूनही २४ तासांतून एकदा जोडणी क्षणभर तोडून पत्ता बदलतात. ऐन सामन्यात तसे होऊ नये म्हणून राउटरमध्ये ही वेळ पहाटेची ठरवता येते. जर्मनीत सर्रास दिसणाऱ्या फ्रिट्झबॉक्स राउटरमध्ये त्यासाठी स्वतंत्र पर्याय आहे.

## पायरी ६: कागदपत्रे जमवा आणि करार जपून करा

पुढील गोष्टी हाताशी असल्या म्हणजे अर्ज एका बैठकीत पूर्ण होतो:

- पासपोर्ट आणि व्हिसा किंवा निवास परवाना
- पत्त्याच्या नोंदणीचे प्रमाणपत्र, म्हणजे मेल्डेबेशायनिगुंग
- जर्मन किंवा युरोपीय बँक खात्याचा आयबॅन क्रमांक
- घर इमारतीत नेमके कुठे आहे त्याचे वर्णन, उदाहरणार्थ दुसरा मजला, डावीकडे
- आधीच्या भाडेकरूचे नाव आणि शक्य असल्यास त्याचा टेलिफोन क्रमांक
- सॉकेटवर काही क्रमांक चिकटवलेला असेल तर त्याचा फोटो

आधीच्या भाडेकरूचे नाव कशाला, असे वाटेल. एका इमारतीत कित्येक तारा तळघरात येतात, आणि त्यांतली तुमची कोणती हे कंपनीला त्या जुन्या नावावरून पटकन कळते. ते नाव दिले नाही तर कधीकधी तंत्रज्ञ भलत्याच घराची तार चालू करून जातो.

कंपनी बहुधा शुफाकडे, म्हणजे लोकांच्या पतीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे, तुमची पत तपासते. नव्याने आलेल्या माणसाची तिथे काहीच नोंद नसते, त्यामुळे अर्ज नाकारला गेला तरी तो तुमच्यावरचा ठपका समजू नये. दुसऱ्या कंपनीकडे किंवा महिनाभराच्या मुदतीच्या योजनेसाठी अर्ज करावा.

आता कराराच्या मुदतीविषयी. कायद्याने पहिली मुदत २४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि १२ महिन्यांचा पर्यायही ग्राहकापुढे ठेवणे कंपनीला बंधनकारक आहे. १ डिसेंबर २०२१ पासून नियम असा आहे की पहिली मुदत संपल्यावर करार आपोआप चालू राहिला, तरी तो एक महिन्याची सूचना देऊन केव्हाही संपवता येतो. दोन वर्षांच्या योजनेत सुरुवातीचे महिने स्वस्त दाखवले जातात आणि नंतर दर चढतो, म्हणून २४ महिन्यांची बेरीज करूनच तुलना करावी. माझा आग्रहाचा सल्ला असा की तुमच्या इमारतीतल्या संध्याकाळच्या स्थितीची खात्री नसेल, तर पहिल्यांदा दरमहा रद्द करता येणारी योजना घ्यावी. ती थोडी महाग पडते आणि जोडणीचे शुल्क वेगळे भरावे लागते, पण वाईट जोडणी दोन वर्षे सोसण्यापेक्षा ते बरे.

इथले सापळे नीट लक्षात ठेवा. ऑनलाइन, फोनवर किंवा दारावर केलेला करार १४ दिवसांत कारण न देता मागे घेता येतो, पण दुकानात जाऊन सही केलेल्या कराराला हा हक्क सहसा नसतो. दुसरे म्हणजे हे १४ दिवस करार झाल्यापासून मोजले जातात, जोडणी सुरू झाल्यापासून नव्हे. तंत्रज्ञ तीन आठवड्यांनी येणार असेल तर तोवर मुदत संपलेली असते. आणि तिसरे, दारावर येणारा एखादा प्रतिनिधी सांगतो की केबल इंटरनेटसाठी टीव्हीचा करारही करावाच लागेल. तसे काही नाही. १ जुलै २०२४ पासून घरमालकाला केबल टीव्हीचे शुल्क भाड्यासोबतच्या खर्चातून वसूल करता येत नाही, त्यामुळे अशा प्रतिनिधींच्या फेऱ्या वाढल्या, पण टीव्ही घ्यायचा की नाही हे तुम्ही ठरवायचे आहे.

## पायरी ७: राउटर आणि तंत्रज्ञाचा दिवस

१ ऑगस्ट २०१६ पासून जर्मनीत ग्राहकाला स्वतःचा राउटर वापरण्याचा हक्क आहे. डीएसएलसाठी कंपनीने टपालाने पाठवलेली नाव-संकेतशब्दाची माहिती राउटरमध्ये घालावी लागते, तर केबलसाठी मोडेमची नोंद कंपनीकडे करावी लागते. डीएसएलचा राउटर केबलला आणि केबलचा डीएसएलला चालत नाही, म्हणून निवड पक्की होण्याआधी जुना राउटर विकत घेऊ नका. सुपरव्हेक्टरिंग घेणार असाल तर राउटर त्या तंत्राला चालणारा आहे याची खात्री करा, नाहीतर २५० चे पैसे भरून १०० वरच थांबाल. केबलचा जुना मोडेम घेताना इंटेलच्या प्यूमा ६ चिपपासून दूर राहावे. या चिपमुळे पिंगमध्ये अचानक उसळ्या येतात असे २०१६ च्या अखेरीस उघड झाले, आणि फ्रिट्झबॉक्स ६४९० मध्ये तीच चिप आहे. जुन्या बाजारात तो स्वस्तात मिळतो तेव्हा मोह होतो, पण गेमसाठी तो घेऊ नये.

तंत्रज्ञ येण्याच्या दिवशी दोन गोष्टी आवश्यक आहेत. दारावरच्या घंटीवर आणि टपालपेटीवर तुमचे नाव हवे, कारण नाव दिसले नाही तर तंत्रज्ञ परत जातो आणि पुढची तारीख लांबते. आणि तळघराची किल्ली हवी. अनेक इमारतींत मुख्य जोडणी तळघरात कुलूपबंद असते, म्हणून हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा माणूस, त्याच्याशी आधी बोलून ठेवावे. वेळ सहसा सकाळी आठ ते बारा अशी मोघम दिलेली असते, त्यामुळे अर्धा दिवस मोकळा ठेवा.

## पायरी ८: घराच्या आतली जोडणी सुधारा

केबल आणि डीएसएलच्या वादात जे दोष काढले जातात, त्यांतले पुष्कळसे खरे तर वायफायचे असतात. जर्मन शहरांतल्या दाटीच्या इमारतींत प्रत्येक घराचा वायफाय एकमेकांवर आदळतो. संगणक किंवा कन्सोल शक्यतो लॅनच्या तारेनेच जोडावा. कॅट ६ ची चपटी तार दाराच्या फटीतून आणि भिंतीच्या कडेने सहज जाते, भाड्याच्या घराला भोक पाडावे लागत नाही. तार नेणे अशक्यच असेल, तर ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर राउटर आणि कन्सोल एकाच खोलीत ठेवावेत.

विजेच्या तारेतून इंटरनेट नेणारे पॉवरलाइन अडॅप्टर सोपे वाटतात, पण व्हीडीएसएल असलेल्या घरात ते टाळावेत. दोघेही सारख्याच वारंवारितांवर बोलतात, त्यामुळे डीएसएलच्या तारेत गोंगाट शिरतो, वेग घटतो आणि कधी जोडणीच तुटते. सुपरव्हेक्टरिंग ३५ मेगाहर्ट्झपर्यंत जाते, म्हणून तिथे हा त्रास अधिक असतो.

घरात दुसरे कोणी फोटो किंवा व्हिडिओ क्लाउडवर चढवू लागले की तुमचा पिंग शंभराच्या वर जातो, हाही नेहमीचा अनुभव आहे. राउटरमध्ये बाहेर जाणाऱ्या माहितीची लांबलचक रांग तयार होते आणि गेमचा संदेश मागे अडकतो. हे केबलवरही होते आणि डीएसएलवरही. राउटरमध्ये तुमच्या कन्सोलला अग्रक्रम द्यावा, आणि सोय असेल तर वर जाणारा वेग मोजलेल्या वेगाच्या सुमारे ८५ ते ९० टक्क्यांवर बांधून घालावा. थोडा वेग सोडल्याने रांग राउटरच्या ताब्यात राहते आणि पिंग स्थिरावतो. इतर कोणत्याही महागड्या गेमिंग उपकरणापेक्षा या एका बदलाचा परिणाम जास्त दिसतो.

## पायरी ९: मोजणी करा आणि हक्क वापरा

जोडणी सुरू झाली की त्याच आठवड्यात सकाळी आणि संध्याकाळी पिंग मोजून लिहून ठेवा. आधी तुमच्या राउटरला, मग कंपनीच्या पहिल्या टप्प्याला, मग गेमच्या सर्व्हरला. राउटरपर्यंतच आकडा उडत असेल तर दोष घरात आहे. पहिल्या टप्प्यावर उडत असेल तर तारेत किंवा केबलच्या सामाईक गटात आहे. त्यापुढे उडत असेल, तर कंपनी आणि गेमचे जाळे जिथे जोडले जाते तिथे गर्दी आहे. तिथे केबल की डीएसएल हा प्रश्नच उरत नाही, कंपनी बदलणे एवढाच उपाय असतो. युरोपातल्या अनेक गेमचे सर्व्हर फ्रँकफुर्टमध्ये आहेत, आणि १९९५ मध्ये सुरू झालेले डीई-सिक्स हे जगातल्या मोठ्या इंटरनेट विनिमय केंद्रांपैकी एक तिथेच आहे, तरीही एखाद्या कंपनीची वाट संध्याकाळी तुंबते असे घडते.

कराराइतका वेग मिळत नसेल तर बुंडेसनेट्झअगेंटूरचे ब्रायटबांडमेसुंग हे संगणकावरचे मोफत साधन वापरा. त्यात लॅनच्या तारेने, तीन वेगवेगळ्या दिवशी मिळून ३० वेळा मोजणी करावी लागते. निकाल तुमच्या बाजूने लागला, तर डिसेंबर २०२१ पासूनच्या कायद्यानुसार मासिक शुल्क कमी करून घेता येते किंवा करार मुदतीआधी संपवता येतो. मात्र ही मोजणी वेगाची आहे. चढउतार करणाऱ्या पिंगसाठी असा सरळ हक्क नाही, म्हणूनच चौथी आणि सहावी पायरी मी इतकी लावून धरली आहे.

## भारतातल्या मित्रांबरोबर खेळताना

पुण्या-मुंबईतल्या जुन्या मित्रांबरोबर खेळायचे असेल, तर एक गोष्ट स्वीकारावी लागते. फ्रँकफुर्ट ते मुंबई हे सरळ अंतर सुमारे ६,६०० किलोमीटर आहे आणि काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन ६६ मिलिसेकंद ही निसर्गानेच घातलेली किमान मर्यादा झाली. समुद्राखालच्या तारा सरळ रेषेत जात नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात शंभराच्या वरच आकडा दिसतो. केबल किंवा डीएसएल बदलून त्यात चार-पाच मिलिसेकंदांचाच फरक पडेल. सर्व्हर निवडता येणाऱ्या गेममध्ये मुंबईचा सर्व्हर घेतला तर उशीर तुम्हाला होतो, फ्रँकफुर्टचा घेतला तर मित्रांना. सावकाश चालीच्या गेमला ही अडचण जाणवत नाही, त्यामुळे शनिवार-रविवारच्या सामन्यांसाठी तसे गेम ठरवून घ्यावेत.

## घर बदलताना किंवा परत जाताना

जर्मनीतच घर बदलले तर करार तुमच्याबरोबर नव्या पत्त्यावर जातो. नव्या पत्त्यावर ती सेवा मिळतच नसेल, तर एक महिन्याची सूचना देऊन तो संपवता येतो. भारतात परतताना पत्त्याची नोंदणी रद्द केल्याचे प्रमाणपत्र, म्हणजे आबमेल्डेबेशायनिगुंग, जोडून हाच मार्ग वापरावा. १ जुलै २०२२ पासून कंपन्यांना संकेतस्थळावर करार रद्द करण्याचे बटण ठेवावे लागते. त्यावरून सूचना दिली की मिळणारी पोच जपून ठेवा. राउटर भाड्याचा असेल तर तो वीजजोडणीच्या अडॅप्टरसकट टपालाने परत पाठवा आणि टपालाची पावती शेवटचे बिल मिटेपर्यंत सांभाळा. जर्मन बँक खातेही त्या शेवटच्या बिलानंतरच बंद करा.